वाचक विचारतात : सगळं दाखवलंय, तरी हसू का येत नाही?

ह्या महिन्यात चारही प्रश्न हॉलिवूडच्या टीनएज सेक्स कॉमेडीवरचे घेतलेत. पत्रं वेगवेगळ्या वयाच्या लोकांची आहेत आणि तक्रार जवळपास एकच आहे, म्हणून म्हटलं एकत्रच बोलू.

ताई, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. होस्टेलवर आम्ही 'अमेरिकन पाय' बघितला, लोळून हसलो. मग त्याच नावाचे पुढचे पिक्चर सापडले, 'बँड कॅम्प', 'नेकेड माइल' वगैरे. त्यात तर जास्तच सगळं दाखवलंय, तरी सगळे अर्ध्यात बंद केले. असं का होतं? – एक वाचक, नाशिक

अरे, तू जे बंद केलेस ते थिएटरसाठी बनलेच नव्हते. पहिला पिक्चर १९९९ चा, सुमारे १ कोटी १० लाख डॉलरमध्ये बनला आणि जगभरात २३ कोटी डॉलरच्या वर कमावून गेला, मग थिएटरमध्येच त्याचे पुढचे भाग आले, आणि ते झाल्यावर २००५ पासून २००९ पर्यंत एकाच नावाखाली चार पिक्चर थेट डीव्हीडीवर काढले. 'बँड कॅम्प', 'नेकेड माइल', 'बीटा हाउस' आणि 'बुक ऑफ लव्ह'. तेव्हा अमेरिकेत डीव्हीडीचा धंदा जोरात होता, दुकानातल्या रॅकवर ओळखीचं नाव आणि खाली 'अनरेटेड', म्हणजे रेटिंग न घेतलेला, असा शिक्का दिसला की पोरं उचलायची. म्हणजे विकायची होती ती कव्हरवरची दोन अक्षरं, आतला पिक्चर नंतर बघू. जुन्या टीममधला सलग राहिलेला चेहरा एकच, हिरोच्या वडिलांचं काम करणारा युजीन लेव्ही, आणि चारही पिक्चरमध्ये तो आला की दोन मिनिटं जरा बरं वाटतं हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

आता तोच का बरा वाटतो ते बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. पहिल्या पिक्चरमधला तो सीन, हिरो जिम स्वयंपाकघरात त्या सफरचंदाच्या पायसोबत (पाय म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) नको त्या अवस्थेत आहे आणि बाप दारातून आत येतो. घाण जोक म्हणायचा तर ह्यापेक्षा घाण काय असणार, पण आपण हसतो ते पायला नाही, हसतो बापाच्या चेहऱ्याला. त्याला राग आलेला नाही, त्याला पोराची कीव येतेय आणि स्वतःलाच कळत नाहीये काय बोलावं, आणि शेवटी तो ठरवतो की आईला सांगू, आपण दोघांनी मिळून सगळा खाल्ला. हाच माणूस मासिकं घेऊन पोराच्या खोलीत येतो, मुलाला समजावून सांगायला, आणि स्वतःच घामाघूम होतो. पोरावर जीव असलेला बाप आहे म्हणून तो सीन चालतो. तू आणि तुझे रूममेट हसलात कारण तुमच्या प्रत्येकाच्या मनात आपापला बाप दारात उभा राहिला.

डीव्हीडीवाल्या पिक्चरमध्ये दारात कोणी आलं तरी फरक पडत नाही. सगळ्यांना सगळं चालतं, कोणाला कशाची लाज वाटत नाही, पार्टीत कपडे उतरतात आणि बाकीचे ओरडतात, मग कोणी उलटी करतं, मग परत ओरडतात. ज्याला गमवायचं काही नाही त्याची फजिती होणार कशी? मग लेखक डोस वाढवतो, आधी एक उघडं अंग होतं तिथे दहा, आणि दहाव्या मिनिटाला आपण मोबाईल हातात घेतो.

आणखी एक गोष्ट, ही पैशाची आहे. कॉमेडीत जोक करणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा महत्त्वाचा असतो, तो वेगळा शूट करावा लागतो, चार-पाच टेक घ्यावे लागतात, मग एडिटिंगमध्ये अर्धा सेकंद इकडे की तिकडे ह्यावर भांडावं लागतं. मोठे स्टुडिओ कॉमेडी तयार झाली की अनोळखी लोकांना बसवून दाखवतात, कुठे हसले कुठे नाही ते बघून परत कापतात. स्वस्तातल्या शूटिंगला शेड्यूल आवळलेलं असतं, दिवसाला जास्तीत जास्त पानं उरकायची असतात, मग दोन माणसं एकाच फ्रेममध्ये उभी करून डायलॉग म्हणून घेतात आणि पुढे जातात. तुला वाटतं जोक फालतू होता. कित्येकदा तो बरा असतो, त्याला मोकळी जागाच मिळालेली नसते.

माझा मुलगा अकरावीत आहे. मित्रांबरोबर हे असले सिनेमे बघतो हे मला माहीत आहे. एकदा मुद्दाम शेजारी बसून पाहिला. मला घाणेरड्या बोलण्याचं इतकं वाटलं नाही, पण त्यातल्या मुलींना काही नावगावच नाही, नुसत्या येतात, अंघोळ करतात आणि जातात. बंद करावं का? – एक आई, ठाणे

तुम्ही शेजारी बसलात हे फार चांगलं केलंत, आणि तुमच्या नजरेला जे खुपलं तेच ह्या सिनेमांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे असं मलाही वाटतं. ह्या लाटेला जोर आला तो १९८२ मध्ये अमेरिकेत लागलेल्या 'पोर्कीज'मुळे. बॉब क्लार्क दिग्दर्शक, कॅनडाचा पैसा, गोष्ट १९५४ च्या फ्लोरिडातली, खर्च पन्नास लाख डॉलरच्या आसपास आणि एकट्या अमेरिका-कॅनडातच कमाई दहा कोटींच्या वर. त्यात मुलींच्या शॉवररूमच्या भिंतीला भोक पाडून मुलं बघतात, तो सीन नंतर इतक्या जणांनी उचलला की विचारू नका. त्याच पिक्चरमध्ये एका ज्यू मुलाला होणारा त्रास आहे, एका मुलाचा मारकुटा बाप आहे, आणि खरा हसवणारा सीन तर हेडमास्तरांच्या केबिनमधला आहे, जिथे बाई अत्यंत गंभीरपणे तक्रार करतायत आणि बाकीच्यांना हसू आवरत नाहीये. उचलणाऱ्यांनी ह्यातलं काहीच उचललं नाही. फक्त भोक उचललं.

तुमच्या मुलाशी बोलायला मी एक सीन सुचवते, बहुतेक त्यानं पाहिलाच असेल. 'अमेरिकन पाय'मध्ये नादिया नावाची परदेशातून शिकायला आलेली मुलगी जिमच्या खोलीत कपडे बदलते आणि वेबकॅमवरून अख्खी शाळा बघते. तिला पत्ताच नाही. नंतर तिला मायदेशी परत पाठवतात, आणि सिनेमा वाईट वाटून घेतो ते जिमसाठी, त्याची फजिती झाली म्हणून! मला हा पिक्चर आवडतो आणि तरीही ह्या जागी मला राग येतो, दोन्ही खरं आहे. मुलाला एवढंच विचारा की दुसऱ्या दिवशी सकाळी नादियाला काय वाटलं असेल. आणि हेही सांगून ठेवा की आपल्याकडे संमतीशिवाय कोणाचे असे फोटो-व्हिडिओ काढणं किंवा पाठवणं हा गुन्हा आहे, आयटी कायद्याच्या कलम ६६ ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अकरावीतल्या मुलाला हे माहीत असलंच पाहिजे, सिनेमा बघो न बघो.

बंद करू नका असं माझं मत. बंद केलं तर बघणं थांबत नाही, तुमच्याशी बोलणं थांबतं. त्यापेक्षा त्याच वर्षीचा, १९८२ चाच, 'फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमॉन्ट हाय' आधी तुम्ही एकट्या बघा. एमी हेकर्लिंग ह्या बाईंचा तो पहिला सिनेमा, तोही स्वस्तातलाच, तोही चावटच, उघडी अंगं त्यातही आहेत. पण त्यातली पंधरा वर्षांची स्टेसी पहिल्यांदा एका मोठ्या पुरुषाबरोबर जाते तेव्हा कॅमेरा आपल्याला ती काय बघतेय ते दाखवतो, वरच्या छतावर कोणीतरी खरडलेलं काहीबाही. त्या एका शॉटमध्ये कळतं की तिला मजा येत नाहीये, ती फक्त हे संपायची वाट बघतेय. पुढे तिला दुसऱ्याच एका मुलापासून दिवस जातात, तो गर्भपाताचे निम्मे पैसे द्यायचं कबूल करतो आणि ऐनवेळी येतच नाही. ती भावाला खोटं सांगून लिफ्ट मागते, त्याला संशय येतो, तो क्लिनिकबाहेर थांबतो आणि ती बाहेर आल्यावर एका शब्दानं ओरडत नाही. असा भाऊ मुलांनी बघावा असं मला फार वाटतं. बाकी सोळाव्या वर्षी दाखवायचा की दोन वर्षांनी ते तुम्हीच ठरवा, तुमचा मुलगा तुम्हाला माहीत आहे.

ह्या सिनेमांत शाळेतली मुलं तिशीची का दिसतात? – एक वाचक, बेळगाव

कायदा आणि पैसा. कॅलिफोर्नियात अठराच्या आतल्या मुलांना शूटिंगचे तास ठरलेले असतात, सेटवर शिक्षक ठेवावा लागतो, आणि उघड्या अंगाच्या सीनचा तर प्रश्नच येत नाही. मोठं माणूस घेतलं की सगळं सोपं. 'सुपरबॅड' ह्या अशाच पिक्चरमध्ये मॅकलव्हिन नावाच्या पोराचं काम करणारा मुलगा खरोखरच सतरा वर्षांचा होता, तर त्याच्या बेडसीनच्या वेळी त्याच्या आईला सेटवर हजर राहावं लागलं! पण तो पोरगा पडद्यावर आला की लगेच खरा वाटतो, हेही बघा. पंचवीस वर्षांच्या, जिममध्ये कमावलेल्या माणसाला मुलींशी बोलायची भीती वाटते हे पटणार कसं.

ताई, आम्ही सहा-सात मित्र कोल्हापुरात कॉलेजवर एक फिल्म करतोय, पैसे आमचेच आहेत, फार नाहीत. ग्रुपमधल्या निम्म्यांचं म्हणणं आहे की बोल्ड सीन आणि डबल मीनिंग टाकलं की ऑनलाइन आपोआप चालेल. मला पटत नाही पण उत्तर देता येत नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर मी देते, त्यांना वाचून दाखवा. अमेरिकन दिग्दर्शक केव्हिन स्मिथचा 'क्लर्क्स' १९९४ मध्ये आला, २७,५७५ डॉलरमध्ये केलेला. तो ज्या दुकानात नोकरी करायचा तिथेच शूट केला, रात्री, कारण दिवसा दुकान चालू असायचं. पण गोष्ट दिवसाची होती आणि बाहेर अंधार. मग त्यानं लिहिलं की कोणीतरी कुलपात च्युइंगम घातलंय म्हणून शटर उघडत नाहीये! अडचण होती ती गोष्टीत घालून टाकली. काळापांढरा सिनेमा आहे, अंगप्रदर्शन नाही, फक्त बोलणं, आणि ते इतकं अश्लील की नुसत्या भाषेवरून त्याला आधी सगळ्यात कडक सर्टिफिकेट दिलं होतं, अपील करून ते खाली आणावं लागलं. तरी तो टिकला, २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत गेला, कारण दुकानात काम करणारा, आयुष्यात अडकलेला त्यातला बावीस वर्षांचा पोरगा खरा आहे. तुमच्या मित्रांना सांगा, अश्लील असणं हा प्रॉब्लेम नाही आणि पैसे नसणं हाही नाही. लिहायचा कंटाळा हा प्रॉब्लेम आहे, आणि लिहायला तर पैसेही लागत नाहीत.

आपल्याकडचंच बघायचं तर रवी जाधवांचा 'बालक-पालक', २०१३ चा. चाळीतली मुलं व्हीसीआरवर नको ती कॅसेट बघतात, थिएटरमध्ये लोक खदखदून हसले, पण गोष्ट सुरू होते ती चाळीतली एक ताई अचानक निघून जाते आणि मोठं कोणी काही सांगत नाही म्हणून. पोरांच्या त्या चावटपणाच्या मागे एक खरा प्रश्न आहे, आणि म्हणून आई-वडीलही तो बघू शकले. आणि बोल्ड सीनचं ऑनलाइन काय होतं माहितीये का, लोक तेवढाच तुकडा कापून फिरवतात, अख्खी फिल्म कोणी बघत नाही, आणि ज्या मुलीनं तुमच्यावर विश्वास ठेवून तो सीन दिला तिला पुढे गल्लीत, कॉलेजात, लग्नाच्या वेळी त्याचा त्रास होत राहतो. तुम्ही सहा-सात जण 'मित्र' लिहिलंयत, म्हणून विचारते, स्क्रिप्ट एकातरी मुलीनं वाचलंय का? दोघीतिघींना वाचायला द्या, तुमच्या गैरहजेरीत वाचू द्या, आणि त्या जिथे हसल्या नाहीत तिथे खूण करायला सांगा.

जे थोडे पैसे आहेत ते आवाजावर घाला. चित्र थोडं खराब असलं तर लोक चालवून घेतात, डायलॉग ऐकू नाही आला तर नाही चालवून घेत, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर शूट करणार असाल तर मागून एसटीचे हॉर्न येणारच. भाड्यानं दोन चांगले कॉलर माइक घ्या, सकाळी लवकर शूट करा. आणि प्रत्येक जोक झाला की ऐकणाऱ्याचा क्लोजअप घ्यायला विसरू नका, वेळ नसला तर बोलणाऱ्याचा एक टेक कमी करा.