उत्तर नॉर्वे, उत्तर फिनलंडसारख्या थंड भागात गाईंसाठी कोणतं गवत लावावं आणि किती कापण्या घ्याव्यात?

टिमोथी लावा. जोडीला मेडो फेस्क्यू आणि थोडं लाल क्लोव्हर (द्विदल चारा). बारमाही रायग्रासच्या नादी लागू नका. दक्षिणेत ते कितीही चांगलं असो, उत्तरेचा हिवाळा त्याला झेपत नाही. टिमोथीचं बी बारीक असतं, सेंटिमीटरभरच खोल पेरून वरून रोलर फिरवा. बियाण्याचं एवढंच.

कापण्या दोन. तिसरी घ्या म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे हे सविस्तर. सप्टेंबरात हिरवंगार शेत बघून हात शिवशिवतात, मान्य. पण पारा शून्य ते पाच अंशांवर आला की रोप काटक होत असतं आणि बुडख्यात साखर साठवत असतं. टिमोथीत तर खोडाच्या तळाशी त्यासाठी फुगीर गाठच असते. तेव्हा कापलं की रोप साठा मोडून नवी पानं काढतं.

मग नुसती थंडी नव्हे, बर्फाची लादी मारते. भुसभुशीत हिम हे पांघरूणच. मध्येच पाऊस येऊन ते वितळलं आणि पुन्हा गोठलं की हवा बंद होते. रोप प्राणवायूविना साखर जाळत राहतं, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल आतच कोंडतात. कमी साठ्याचं रोप आधी जातं. लादी खळग्यांत बसते, म्हणून शेताला मध्ये उंचवटा आणि कडेला उतार हवा. उशिरा नत्र टाकू नका, पालाश कमी पडू देऊ नका.

‘गुडघाभर गवत हिमाखाली गेलं तर बुरशी लागते’ हा समोरच्यांचा मुद्दा खरा आहे. उपाय तिसरी कापणी नव्हे, दुसरीची वेळ: साधारण ऑगस्टच्या मध्याला, खुंट आठ-दहा सेंटिमीटर ठेवून.

पहिली कापणी टिमोथी निसवायला, म्हणजे त्याची कणसं बाहेर पडायला, लागताच. थांबलात तर वजन वाढतं, पण पचनीयता रोज अर्धा टक्का घसरते. मुरघासाच्या (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) गासड्या बांधताना शुष्क भाग, म्हणजे पाणी वगळून उरणारा, ३५ टक्क्यांच्या वर असू द्या आणि प्लास्टिकचे किमान सहा थर गुंडाळा.

दक्षिण फिनलंडात तीन कापण्या निघतात, तिथल्यांनी माझ्यावर डाफरू नये. आणि पुढच्या वसंतात शेत नांगरायचंच असेल, तर तिसरी खुशाल घ्या.