‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्याचे हात बघा

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात आम्ही सात जण २०० किलोमीटरच्या सायकल राइडला गेलो होतो. १४० किलोमीटर झाले आणि विजांचा कडकडाट, पाऊस, गारा असं सगळं एकदम सुरू झालं. एका मोठ्या झाडाखाली थांबलो. तिथे वाद झाला. चौघांना राइड वेळेत संपवायची होती, तिघांना थांबायचं होतं. शेवटी सगळेच निघालो. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा काकडत होता, पण विचारलं की ‘मी ठीक आहे’ म्हणायचा. पुढच्या उतारावर त्याला ब्रेकच दाबता येईना, तो कडेच्या मातीत जाऊन पडला. खरचटण्यावर निभावलं. आमचं नेमकं कुठे चुकलं?

उत्तर : खरचटण्यावर निभावलं हे वाचून हायसं वाटलं.

आधी झाडाचं बोलू. वीज चमकत असताना झाडाखाली कधीच थांबू नका. वीज चमकली की आकडे मोजायला लागा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर धरायचं. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत आसरा घ्यायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. रबरी टायर विजेपासून वाचवतात ही समजूत साफ चुकीची आहे. आसरा नसेलच, तर उंचवटा, एकटं झाड, तारेचं कुंपण यांच्यापासून लांब जा, सायकली बाजूला ठेवा आणि एकमेकांपासून अंतर ठेवून थांबा. उघड्यावर पूर्ण सुरक्षित अशी जागा नसते. म्हणून ढग दाटताना दिसले की तेव्हाच आसरा शोधायचा.

आता त्या मुलाचं. तो खोटं बोलत नव्हता हो. त्याला खरंच कळत नव्हतं.

हे मी अनुभवानं सांगते. काही वर्षांपूर्वी ३०० किलोमीटरच्या राइडमध्ये रात्री चार तास पावसात चालवत होते. खाऊचं पाकीट फोडायला गेले तर बोटं वळेनात. दातांनी फोडायला गेले, तेही जमेना. पाकीट हातातून पडलं आणि मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. मागची मैत्रीण शेजारी आली. तिने विचारलं, “पुढचा थांबा किती लांब आहे?” मला सांगता येईना. दहा मिनिटांपूर्वी सगळ्यांना तो आकडा मीच सांगितला होता. तिने मला काहीही न विचारता अख्खा ग्रुप थांबवला. माझा एक ग्लोव्ह काढून पिळला, तर पाण्याची धार लागली. मी तेव्हाही म्हणत होते, “चला, मी ठीक आहे.”

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की बोटांबरोबर डोकंही मंदावतं. ओल्या कपड्यांतून उष्णता झपाट्यानं जाते, कारण पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. त्यात उतार. चढावर अंग तापलेलं असतं, उतारावर पायडल थांबतं आणि वारा वाढतो. हवा ५ अंश असेल आणि वेग ताशी ३० किलोमीटर, तर कोरड्या अंगालासुद्धा शून्य अंशासारखं झोंबतं. म्हणून जॅकेट घाटमाथ्यावरच चढवायचं, अर्ध्या उतारावर नाही.

‘ठीक आहेस का?’ हा प्रश्न सोडून द्या. अंगठा करंगळीला टेकवायला सांगा. उभं राहून ब्रेक पूर्ण दाबून दाखवायला सांगा. जमलं नाही किंवा शब्द जड येत असले, तर त्याची राइड तिथेच संपली. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोकं झाका. पूर्ण शुद्धीत असेल तर गरम, गोड काहीतरी प्यायला द्या. हातपाय चोळू नका, दारूचा थेंबही नको. अंग गरम झालेलं नसताना हुडहुडी थांबली किंवा झोप यायला लागली, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

तुमची खरी चूक मतदानाची. सातांपैकी चौघांना जायचं होतं म्हणून सातही निघाले. निघण्याआधीच ठरवा : एकानं जरी ‘थांबा’ म्हटलं तरी सगळे थांबणार, कारण विचारायचं नाही. आणि जोड्या लावा, म्हणजे प्रत्येकावर दुसऱ्या कुणाची तरी नजर राहील. वेळेची भीती असते, मला माहीत आहे. पण ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधरासुद्धा पडत नाहीत. त्यात अर्धा तास सहज बसतो. नाहीच बसला तर सोडून द्या. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या सुमारे बाराशे किलोमीटरच्या राइडमध्ये २००७ साली पावसानं पाठ सोडली नाही, तेव्हा कसलेल्या रायडरांनीही मोठ्या संख्येनं राइड अर्ध्यावर सोडली होती. त्या मुलाला हे जरूर सांगा, तो मनाला लावून बसला असेल.

प्रश्न : आडव्या वाऱ्यात ग्रुपनं कसं चालवावं?

उत्तर : शर्यतीत रायडर तिरकी रांग धरतात, पण तिला सगळा रस्ता लागतो. वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर तिच्या नादाला लागू नका. एकामागोमाग चला, पण चाकाला चाक लावून नको. दोन-तीन सायकलींचं अंतर ठेवा. हँडल खालच्या, वळलेल्या भागाशी धरा, कोपर सैल सोडा. मोठा ट्रक शेजारून गेला की क्षणभर वारा अडतो, सायकल ट्रककडे ओढली जाते आणि लगेच वारा परत धक्का देतो. मागच्यानं ट्रक येताना पाहिला की मोठ्यानं ओरडून पुढच्यांना सांगायचं. पुढच्या चाकाची रिम उंच असेल तर अशा दिवशी साधं चाक लावून निघा.