पाखरांच्या घड्याळाने चालणारा मेळावा

फुलपाखरे आणि पतंग पाहणाऱ्या मंडळांचे वार्षिक मेळावे जवळ आले की या सदराकडे येणारी पत्रे एकाच वळणाची असतात: तारीख कोणती, रात्री पतंग यावेत म्हणून दिव्यापाशी ताणायची पांढरी चादर कशी लावायची, सभागृहात जिवंत काय दाखवायचे. या वेळी मुंबईच्या वाचकांचे सात प्रश्न घेतले आहेत. चादरीचे उत्तर लांबले आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आमच्या मंडळाचे चाळीस सदस्य आहेत. पाऊस नको म्हणून वार्षिक मेळावा डिसेंबरअखेर घ्यावा असे बहुतेकांचे मत आहे. योग्य ठरेल का? — मुलुंड

माणसांसाठी योग्य, पाखरांसाठी उशीर. जूनच्या पहिल्या सरींनंतर टाकळा उगवतो, झाडाझुडपांना कोवळी पालवी येते आणि माद्या अंडी घालू लागतात. एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. म्हणजे गणपती उठेपर्यंत पावसाळ्यातल्या दोन-तीन पिढ्या एकावर एक जमा झालेल्या असतात. म्हणूनच मुंबई-ठाण्यात सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा सर्वांत भरलेला काळ. देशभरातले फुलपाखरूप्रेमी २०२०पासून सप्टेंबर हा 'बिग बटरफ्लाय मंथ' म्हणून पाळतात, तोही याच हिशेबाने.

आमची शिफारस पितृपक्षातल्या शेवटच्या शनिवार-रविवारची. या पंधरवड्यात लग्न-मुंज नसल्यामुळे सभागृह मिळते आणि भाडेही घासाघीस करून कमी होते. गणपतीचे मांडव उतरलेले असतात, नवरात्राचे दिवे अजून लागलेले नसतात. सर्वपित्री अमावास्या जवळ असल्याने रात्री काळोखी असतात, आणि पतंगांना तेच हवे. नेमकी अमावास्याच गाठायला हवी असे नाही. वद्य दशमीनंतर चंद्र मध्यरात्र उलटल्याशिवाय उगवत नाही, तेवढे पुरते. अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस आकाशाच्या दृष्टीने तितकेच चांगले, पण तेव्हा गरब्याच्या मैदानातला झोत तुमच्या दिव्याला झाकोळून टाकतो.

पावसाचे काय? मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, त्यामुळे एखादी सर येणारच. सर येऊन गेल्यावर पडणाऱ्या उन्हात फुलपाखरे पंख पसरून बसतात. फोटो काढणाऱ्याला याहून काय हवे! डिसेंबरचाच आग्रह असेल तर मेळाव्याचा विषय बदला: इव्हनिंग ब्राउन, बुश ब्राउन या फुलपाखरांची कोरड्या हंगामातली रूपे. पावसाळ्यात त्यांच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात, थंडीत ते पुसट होतात आणि पंख वाळक्या पानासारखे दिसू लागतात. तेही पाहण्यासारखेच आहे, फक्त संख्येची अपेक्षा ठेवू नका.

सकाळी उद्घाटन व व्याख्याने, दुपारी तीन वाजता फेरी अशी आखणी केली आहे. गेल्या वर्षी याच वेळेत फारसे काही दिसले नव्हते. — दहिसर

दिसणार कसे? आखणी उलटी करा. फुलपाखराला उडण्याआधी छातीचे स्नायू उन्हाने तापवावे लागतात. साडेआठच्या सुमाराला ती पानांवर पंख उघडून ऊन खात बसतात, अकरापर्यंत फुलांवर आणि ओल्या मातीवर असतात, दुपारच्या कडक उन्हात पानांखाली जातात. फेरी आठला सुरू करून साडेअकराला संपवा. व्याख्याने बारानंतर, जेवण मध्ये कुठेतरी. एका जाणकारामागे बारा ते पंधरा माणसेच द्या. त्याहून जास्त झाली की मागच्या दहा जणांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात.

रविवार असेल तर मेगाब्लॉक लक्षात घ्या. तो बहुधा दहा-अकराला सुरू होतो, म्हणून सभागृह फेरीच्या जागेपासून चालत किंवा रिक्षाने जाण्याइतके जवळ हवे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. जोडून सुट्टी घेऊन सोमवारी फेरी ठेवणारी मंडळे दरवर्षी फाटकावरून परततात. धारावी-माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लहान मुले आणि ज्येष्ठांसाठी सोयीचे. एकेकाळच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर उभे राहिलेले हे उद्यान आज झाडांनी गच्च आहे. फक्त फुलपाखरांसाठीच यायचे असेल तर ठाण्याची ओवळेकर वाडी.

पतंगांसाठी पांढरी चादर आणि मोठा एलईडी दिवा लावला. पावसाळी किडे खूप आले, पतंग मोजून चार. कुठे चुकले? — गोरेगाव

पहिली चूक दिव्यातच. पतंगांना अतिनील प्रकाश खेचतो आणि घरातल्या एलईडीत तो जवळजवळ नसतोच, मग तो कितीही लख्ख असो. १६० वॅटचा, चोक न लागणारा मर्क्युरी दिवा मिळाला तर उत्तम. तो आता सगळीकडे मिळत नाही. त्याऐवजी ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील एलईडी पट्ट्या किंवा २० वॅटच्या दोन अतिनील नळ्या चालतात, आणि त्या बॅटरीवरही चालतात. दिव्याकडे एकटक बघू नका, अतिनील अडवणारा चष्मा घाला.

चादर सुतीच हवी. टेरिकॉटवरून पतंगाचे पाय घसरतात. डबल बेडची पांढरी चादर साधारण सहा फूट उंचीवर दोरीला ताणून बांधा आणि खालचा दोनेक फूट भाग जमिनीवर पसरून दगडांनी दाबा, कारण बरेच मोठे पतंग थेट खाली पडतात. दिवा चादरीपासून फूटभर पुढे, पाच फुटांवर टांगा. चादरीचे तोंड झाडीकडे, पाठ इमारतीकडे. रस्त्याचा दिवा चादरीवरून दिसत असेल तर जागा बदला. मुंबईच्या आकाशाचा उजेड आपल्याला विझवता येत नाही, निदान सोसायटीच्या कंपाउंडचे दिवे तरी दोन तास बंद ठेवायला सेक्रेटरींना आधी पत्र द्या.

तापलेल्या मर्क्युरी दिव्यावर पावसाचा थेंब पडला की काच तडकते, म्हणून वर पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा हवा. तो एकदा विझला की थंड झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही. पाच-दहा मिनिटे थांबावे लागते. त्या वेळात 'दिवा गेला' म्हणून बटणाशी खेळत बसू नका. एक्स्टेंशन बोर्ड ओल्या जमिनीवर कधीही नको. तो प्लास्टिकच्या डब्यात, स्टुलावर ठेवा, आणि गळतीचा करंट ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचमधूनच जोडणी घ्या.

दुसरी चूक वेळेची. संध्याकाळी सात ते साडेआठ हा भुंगे, वाळवीची पाखरे आणि बारीकसारीक किड्यांचा वेळ. हॉक मॉथ आणि इतर मोठे पतंग बहुधा नऊनंतर येतात, काही तर मध्यरात्रीनंतर. तुमचे सदस्य साडेनऊला लोकलसाठी निघाले असतील तर त्यांनी फक्त प्रस्तावना पाहिली. मुक्कामाची सोय असेल तरच पतंगरात्र ठेवा. हवा दमट, उबदार आणि वाऱ्याशिवाय असावी. वाऱ्यात चादर फडफडते आणि बसलेलेही उडून जातात.

जागा निवडताना हौस आवरा. राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे येऊरच्या बाजूलाही, वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. आरेत किंवा येऊरच्या कडेला उघड्यावर चादर लावून वाकून फोटो काढत बसणे ही बिबळ्याला ओळख करून देण्याची पद्धत आहे. कुंपण असलेले आवार किंवा झाडीला लागून असलेली गच्ची घ्या.

चादरीसमोर तीन फुटांवर दोरी आखा. नाहीतर जमिनीवर पडलेले पतंग तुडवले जातात, आणि ते लक्षात येते ते सकाळी. डोक्याला लावायची बॅटरी बंद ठेवा, कारण पाखरे तोंडावर येतात. मुंगीसारखा, नारंगी-काळ्या पट्ट्यांचा लांबुडका किडा मानेवर बसला तर चापटी मारू नका, फुंकर घाला. हा पेडेरस. तो चिरडला की त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

शेवटी दिवा उजाडण्याच्या किमान तासभर आधी बंद करून चादर झुडपांवर हलकेच झटका. तशीच ठेवलीत तर दयाळ आणि बुलबुल पहाटेच हजर होतात, आणि तुमची रात्रभराची यादी त्यांची न्याहारी होते.

दिव्याला न येणाऱ्या पतंगांसाठी लेप करा: सहा काळी पडलेली केळी, पाव किलो गूळ, अर्धी बाटली बिअर. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गार करा, केळी कुस्करून घाला, बिअर ओता, झाकून एक दिवस आंबवा. दिवेलागणीला खोडावर छातीच्या उंचीवर तळहाताएवढा लेप द्या. आधी त्या खोडावर चिमूटभर साखर ठेवून मुंग्या येतात का पाहा. आल्या तर दुसरे झाड. उरलेला लेप सकाळी उपयोगी पडतो, त्यावर कॉमन बॅरन आणि इव्हनिंग ब्राउन ही फुलपाखरे येतात.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहात कोशातून फुलपाखरू बाहेर येताना दाखवायचे आहे. अळ्या कधीपासून वाढवाव्यात? — विलेपार्ले

कढीपत्त्यावरची लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन घ्या. अंडे तीन-चार दिवस, अळी अडीच आठवड्यांच्या आसपास, कोश आठ-दहा दिवस, म्हणजे मेळाव्याच्या महिनाभर आधी अंडी हवीत. रुईवरची प्लेन टायगर थोडी घाईची, तीन-साडेतीन आठवडे. हवामानाने दोन-चार दिवस इकडेतिकडे होतातच, म्हणून तीन-तीन दिवसांच्या अंतराने चार तुकड्या ठेवा. एकाच कोशाच्या भरवशावर पाहुणे बोलावू नका.

नर्सरीतून आणलेल्या कढीपत्त्याची पाने देऊ नका. त्यावर मुळांतून पानांत चढणारी कीटकनाशके असतात, धुऊनही जात नाहीत आणि अळ्या दुसऱ्या दिवशी लोळागोळा होतात. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवाल तर तोंड कापसाने गच्च बंद करा, अळ्या देठावरून खाली उतरून बुडतात. लेंड्या रोज काढा. बंद डब्यात ओल साचली की अळी काळी पडून पाघळते. हा रोग पसरतो, तेव्हा तो डबाच बाजूला करा.

आदल्या दिवशी कोश गडद होतो आणि आतल्या पंखांची नक्षी दिसते. तोच कोश सभागृहात न्या. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येते, त्यामुळे टेबल आठला मांडलेले हवे. प्लेन टायगरचा कोश उलटा लटकतो, लाइमचा दोऱ्याने बांधल्यासारखा तिरका उभा असतो. कोश गळून पडला असेल तर पहिल्याचे टोक गोंदाने काडीला चिकटवा, दुसरा कागदाच्या कोनात डोके वर करून ठेवा. पंख फुगवायला खाली मोकळी जागा नसेल तर ते कायमचे चुरगळलेले राहतात. आणि कोशातून माशी किंवा गांधीलमाशीसारखा किडा निघाला तर लपवू नका, मुलांना तोच जास्त आवडतो.

एका सदस्याकडे टाचण्यांना लावलेल्या फुलपाखरांचा जुना संग्रह आहे. प्रदर्शनात मांडावा का? — दादर

नको. अनेक जाती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, परवान्याशिवाय त्या बाळगणे हाच गुन्हा ठरू शकतो. या कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली असून परिशिष्टांची रचना बदलली आहे, जुन्या याद्यांवर विसंबू नका. संग्रह वनखात्याला कळवून संशोधन संस्थेकडे देण्याविषयी विचारा. प्रदर्शनासाठी फोटो पुरेसे. प्रत्येक जातीचे दोन हवेत, पंखांची वरची आणि खालची बाजू. ब्लूज आणि स्किपर्स ही लहान फुलपाखरे खालच्या बाजूशिवाय ओळखताच येत नाहीत.

येणाऱ्यांना भेट म्हणून रोपे द्यायची आहेत. बहुतेकांकडे फक्त खिडकीची जाळी आहे. — चेंबूर

पानफुटी द्या. रेड पिएरो फुलपाखराची अळी तिच्या जाड पानांच्या आत शिरून वाढते, आणि पान मोडून लावले तरी रोप उभे राहते. दुसरा कढीपत्ता, पण मेळाव्याच्या आधी दोन-तीन महिने बिया रुजवून स्वतः वाढवलेला, बाजारचा नाही. देताना सांगा की दोन मोठ्या अळ्या फूटभर रोपाचा खराटा करतात. ते पुन्हा फुटते, फवारणी करायची नसते. सोसायटीत जमीन असेल त्यांना बहावा आणि सोनचाफा. तगर बहुतेक आवारांत असतेच. तिच्यावरची, डोळ्यांसारखे निळे ठिपके असलेली बोटाएवढी हिरवी अळी ऑलिएंडर हॉक मॉथची असते, माळ्याला आधीच दाखवून ठेवा.

कुंडीत खुळखुळा लावला तर प्लेन टायगर, ब्लू टायगर यांचे नर वाळलेल्या भागांवर येऊन बसतात. मधासाठी नव्हे, जोडीदाराला आकर्षित करणारा गंध बनवायला लागणाऱ्या अल्कलॉइड या वनस्पतीतल्या रसायनासाठी. घाणेरी मात्र वाटू नका. तिच्यावर फुलपाखरे येतात हे खरे, पण जंगलात तिने आधीच पुरेशी जागा खाल्ली आहे. आणि महापालिकेचे धुरीकरण कोणत्या दिवशी आहे ते वॉर्डात विचारून ठेवा. मच्छरांसाठीचा धूर अळ्यांना वगळत नाही.

उद्घाटनाला पाहुण्यांच्या हस्ते डब्यातून फुलपाखरे सोडावीत अशी सूचना आहे. — भांडुप

करू नका. डब्यात कोंडलेल्या फुलपाखरांचे पंख झिजतात, एअर कंडिशनरच्या गारव्यात त्यांना उडता येत नाही, आणि झाकण उघडल्यावर ती टेबलावर पडून राहतात. पाहुण्यांना सकाळच्या फेरीला बोलवा. राज्य फुलपाखरू असलेले नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, बोरिवलीच्या ओढ्याकाठी ओल्या वाळूवर क्षार शोषताना दिसण्याची शक्यता चांगली असते. २०१५मध्ये महाराष्ट्राने त्याला हा मान दिला, तोही देशात सर्वप्रथम. भाषणात तेवढे सांगितले तरी चालेल.