शैवालाची कॅप्सूल आणि मुंबईचा मे महिना

तुमचे बाबा साठी उलटली तरी मे महिन्यात दादर-लालबाग भागात फिरतीवर असतात. कुणीतरी सांगितलं की समुद्रशैवालातली पॉलिसॅकराइड्स (शर्करांच्या लांब साखळ्या) उष्णतेपासून प्रतिकारपेशींना वाचवतात, म्हणून कॅप्सूल सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. माझी बावीस वर्षं परळच्या एका लॅबमध्ये पेशी वाढवण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही निव्वळ थाप नाही. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी आम्ही ३७ अंशांवर वाढवतो. पेशींची ताटली ४२-४३ अंशांवर ठेवली की तळाला पाय पसरून चिकटलेल्या पेशी आखडून गोल होतात, काही सुटून तरंगायलाही लागतात. आत प्रथिनांच्या घड्या विस्कटलेल्या असतात. पेशी मग हीट शॉक प्रथिनं बनवून स्वतःला सावरू बघते. (हा प्रतिसाद इटालियन शास्त्रज्ञ रितोसा यांनी १९६२ साली फळमाशीत नोंदवला, तोही इन्क्युबेटरचं तापमान चुकून वाढल्यामुळे!) शैवालातल्या या साखळ्या ताटलीत आधी घातल्या तर जास्त पेशी तगतात, असे निकाल आलेले आहेत. कोंबड्यांना घाम येत नाही, म्हणून पोल्ट्रीवाल्यांना यात फार रस.

पण ताटलीतले ४२ अंश बाबांच्या अंगात कधी येतात? उष्माघातात. एरवी बाहेर कितीही तापलं तरी घाम गाळून शरीर आतलं तापमान ३७ च्या आसपास धरून ठेवतं. मुंबईच्या दमट हवेत तो घाम वाळत नाही, खरा त्रास तिथे आहे. त्यावर पाणी, सावली आणि दुपारी १२ ते ३ घरात थांबणं. अंग भाजतंय, घाम थांबलाय, बोलणं असंबद्ध झालंय, असं दिसलं तर अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

शिवाय ताटलीत ही साखळी थेट पेशीवर पडते. गिळलेली साखळी आपले पाचकरस तोडू शकत नाहीत. रक्तात जेमतेम थोडी जाते, बाकीची आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला.

बाबांना थायरॉइडची गोळी चालू आहे, हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत. मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. तपकिरी शैवालात आयोडीन भरपूर आणि बेभरवशाचं असतं, आणि थायरॉइडचं काम आयोडीनवरच चालतं. त्यातलं फ्युकॉइडन नावाचं पॉलिसॅकराइड हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधासारखं रक्त पातळही करू शकतं. डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय एकही कॅप्सूल देऊ नका.