केइगोची (जपानीतल्या आदरार्थी भाषेची) सुरुवात कुठून करायची?

तक्ते पाठ करत बसू नका. 2007 च्या अधिकृत जपानी मार्गदर्शिकेत केइगोचे 5 प्रकार आहेत, पण सध्या ते विसरा. आधी ‘देसु-मासु’ (वाक्याच्या शेवटी येणारी साधी नम्र रूपं) न अडखळता बोलता यायला हवं. नम्रपणे, पण साधं बोलणाऱ्या परदेशी माणसावर सहसा कुणी रागावत नाही.

मग एवढं सांभाळा:

- समोरच्याला चढवायचं, स्वतःला उतरवायचं. त्यांचं खाणं ‘मेशिआगारु’, आपलं ‘इतादाकु’. मी एकदा पाहुण्यांनाच ‘इतादाइते कुदासाइ’ (‘खा ना’, पण ‘इतादाकु’ वापरून) म्हणालो होतो!
- आपण मराठी माणसं इथे हमखास चुकतो. ‘आमचे साहेब बाहेर गेलेत’ हे आपल्याला अगदी सहज वाटतं. जपानीत मात्र बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबांनाही ‘सान’ (नावापुढचं आदरार्थी ‘जी’) लावत नाहीत. नुसतं आडनाव, आणि क्रियापदही नम्रतेचं. पहिल्यांदा जीभ वळत नाही, पण होते सवय.
- आदरावर आदर नको. ‘ओश्शारु’ (‘म्हणणे’चं आदरार्थी रूप) पुरे, त्याला आणखी आदराचा प्रत्यय जोडून ‘ओश्शारारेरु’ नको.
- केलेल्या कष्टांची दाद देताना वरिष्ठांना ‘गोकुरोसामा’ नाही, ‘ओत्सुकारेसामा’.

ईमेलमधली लांबलचक वाक्यं नंतर बघू. आधी फोनवर ‘काशिकोमारिमाशिता’ (‘समजलं, करतो’चं नम्र रूप) न घाबरता म्हणून बघा.