एकट्याने हरीण गाडीत चढवताना

प्रश्न : परवान्यावर मारलेले साधारण ७० किलोचे हरीण पिकअपमध्ये एकट्याने कसे चढवावे? उचलताना पाठ धरते.

उत्तर : उचलूच नका. मेलेल्या जनावराचा भार अंगावर सारखा सरकतो आणि झटका कमरेला बसतो. आतडी-कोठा जागेवरच काढा. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरते.

गाडीची मागची बाजू चढाकडे करा, म्हणजे फाळका (हौद्याची मागची उघडणारी झडप) जमिनीजवळ येतो. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकांना उताराच्या बाजूने दगड लावा. जनावर वर ओढायला जमिनीपासून फाळक्यापर्यंत तिरकी फळी लावा. फाळका ८० सेंटिमीटर उंच असेल तर ती किमान अडीच मीटर हवी. तिचे वरचे टोक फाळक्याला घट्ट बांधाच, नाहीतर भार चढताच ते निसटते.

जनावर नेहमी डोक्याकडून ओढा. केस शेपटीकडे वळलेले असतात, उलटे ओढले की ते फळीत अडकतात. पुढचे पाय मानेशी आवळून बांधा, म्हणजे कडेला अडत नाहीत. खाली प्लास्टिकची जाड घसरपाटी असेल तर फारच सोपे.

हौद्याच्या पुढच्या कडीला हातविंच (हाताने चालवून दोर ओढायचे यंत्र) अडकवा. विंच नसेल तर कप्पी चालेल, पण ती जनावराला बांधा, दोर तिच्यातून ओवून एक टोक कडीला बांधा आणि दुसरे ओढा. अशी सरकती कप्पी ओढ जवळपास निम्मी करते. कडीला बांधलेली कप्पी फक्त दिशा बदलते. ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि फळीच्या खाली उभे राहू नका. दोर तुटला किंवा सुटला, तर बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.