वाचकांचे प्रश्न : अंगठा भरून येतो, पेन बदलू का?

प्रश्न : मुलगी संघ लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठी माध्यमातून देणार आहे. निबंधाच्या सरावात पाऊण तासानंतर तिचा अंगठा भरून येतो आणि अक्षर बिघडते. बॉलपेन सोडून शाईचे पेन घ्यावे का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : या पेपरात ३ तासांत दोन निबंध लिहायचे असतात, प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे. आराखड्याला अर्धा तास गेला की मिनिटाला १३ ते १६ शब्द पडतात. एवढ्या वेगात पेन दाबून लिहिणारा हात दुखणारच.

आधी तिने लिहिलेल्या पानाच्या पाठीवरून बोट फिरवा. अक्षरे उठून लागली तर ती फार दाब देते आहे. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट असते, गोळी फिरवायला जोर लागतो, पेनही बरेच उभे धरावे लागते. जेलची शाई पाण्यातली. गोळी फिरली की ती पातळ होते, म्हणून पेन हलक्या हाताने चालते. आमचा कौल जेलला, ०.५ किंवा ०.७ मिमी. हा आकडा गोळीचा आहे. रेघ त्याहून बारीक उमटते. अक्षर लहान असेल तर ०.५ घ्या, नाहीतर ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांच्या गाठी शाईने बुजतात. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रफार यांसाठी पेन सारखे उचलावे लागते, त्यामुळे टेकताक्षणी न उमटणारे पेन इथे जास्त छळते. शिरोरेघ लगेच देण्याची सवय असेल तर जेल किती वेळात वाळते तेही पाहा. डावखुऱ्यांनी तर हे आधी पाहावे.

शाईचे पेन हाताला सर्वांत सुखाचे, यात वाद नाही. पण उत्तरपत्रिकेचा कागद आपल्या हातात नसतो. कागद भुसभुशीत निघाला तर शाई फुटते आणि मागच्या पानावर दिसते. घामाचा थेंब पडला तरी ओळ जाते. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई भरपूर मावते, पण ते निम्मे रिकामे झाले की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब गळतो. वर्षभर त्याच पेनाने लिहीत असेल तर खुशाल न्यावे. परीक्षेला महिना उरला असताना नवे शाईपेन नको.

खजूरी बाजारातल्या दुकानात चिठोऱ्यावर सही करून काही कळत नाही. दोन-तीन पेने आणा आणि प्रत्येकाने सलग एक पूर्ण निबंध लिहून घ्या. पकडीची जागा गुळगुळीत आणि फार बारीक नको. बोटे घसरली की मूठ आवळली जाते. टोपण मागे लावल्याने तोल जात असेल तर काढून ठेवावे. पुरवणी सुटी मिळाली तर खाली दोन-चार कोरी पाने असावीत. टणक बाकावर एकटा कागद ठेवला की गोळी फिरण्याऐवजी घसरते.

शाईचा रंग प्रवेशपत्रावरच्या सूचनेप्रमाणेच, आणि जास्तीची दोन पेने त्याच रंगाची, त्याच बनावटीची न्या. जेलची रिफिल बॉलपेनपेक्षा कितीतरी लवकर संपते; अर्धी वापरलेली रिफिल घेऊन जाऊ नये. पण अगदी कोरीही नको, आदल्या दिवशी पानभर चालवून घ्यावी.

प्रश्न : जेलची रिफिल भरलेली दिसते, तरी मध्येच खाडे पडतात. असे का? – एक विद्यार्थी, भंवरकुआ

उत्तर : पेन टोकावर पडले असेल तर गोळीची खोबण चेपते. ती दुरुस्त होत नाही, रिफिल टाकून द्या. पडले नसेल तर टोकामागे हवेचा बुडबुडा अडकला असावा. टोक खाली करून पेन रात्रभर ठेवावे. तळहात टेकून कागद तेलकट झाला असला तरी त्याच जागी खाडे पडतात. हाताखाली कोरा कागद धरला की हे थांबते. यातले काहीच नसेल तर गोळीत कागदाचे तंतू अडकले असतील. वहीच्या पुठ्ठ्यावर आठ-दहा गोल काढून पाहा.